पंखा बिघडलाय, बाई

सोमवार, ४ फेब्रुवारी

आणि वर दादा म्हणतो, मी ऐकत नाही! ऐकलं म्हणून तर इथे येऊन पडलोय. आज फोनवर पुन्हा तीच टेप. आधी कोर्स पूर्ण कर, कागद हातात घे, मग घरी यायचं नाव काढ. मी म्हटलं, घर काय तुझ्या एकट्याच्या मालकीचं आहे? तर त्याने फोन वहिनीकडे दिला. भांडण हरायला लागला की तो नेहमी फोन वहिनीकडे देतो. वहिनीशी कोण भांडणार!

आठवीत शाळा मी सोडली. मान्य. पण तो ते असं काढतो, जणू आज सकाळीच सोडली.

कोर्स मशीन दुरुस्तीचा. मोबाइलवर. आमच्या धुलाईच्या कारखान्यात दोनच जाती — घडीवाले आणि मशीनवाले. मी घडीवाला. हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या चादरी वाफेच्या रोलरमधून बाहेर येतात. मी एक टोक धरतो, समोरचा दुसरं. झटका, घडी. झटका, घडी. दिवसभर समोरच्याकडे चालत जायचं आणि तसंच मागे यायचं. माझा समोरचा तोतरा आहे, म्हणून बोलतच नाही. सहा महिने झाले, त्याचं घर कुठलं तेही मला ठाऊक नाही. मशीनवाल्यांना खुर्ची असते. कागद असेल तर मुकादम मशीनवर घेतो म्हणे. फी दादाने भरलीय, म्हणून त्याची जीभ लांब.

पण माझा बेत वेगळा आहे. पलंगाखाली साबणपावडरचा रिकामा डबा आहे, त्यात तिकिटाचे आणि घरी जाऊन काही धंदा टाकायचे पैसे जमतायत. भरला की मी चाललो. कायमचा. कागद गेला उडत. हे दादाला माहीत नाही. या वहीला माहीत आहे, आणि हिला वहिनी नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पहिला वर्ग झाला. स्क्रीनवर चौकटी चौकटी, निम्म्या काळ्या. मला वाटलं, आता नाव-गाव-शिक्षण विचारणार आणि चारचौघांत ‘आठवी नापास’ म्हणावं लागणार. म्हणून चार्जर आधीच काढून ठेवला होता. आपली पाळी आली की बॅटरी गेली म्हणायचं.

पण बाई निराळ्याच निघाल्या. म्हणाल्या, नावं मला इथे दिसतायत, ती नकोत. बसल्या जागेवरून हात लांब करा. जी वस्तू हाताला लागेल ती दाखवा आणि तिच्याबद्दल सांगा. हीच ओळख.

माझ्या हाताला साबणाची वडी लागली. म्हटलं, दिवसभर लोकांच्या चादरी धुतो आणि स्वतःची धुवायला साबण विकत आणतो. सगळे हसले. झालो मी साबण्या! शाळेत इतकी वर्षं बसलो, तिथे कुणी मला धड टोपणनावसुद्धा ठेवलं नव्हतं.

एक ताई आहे, शिवणाच्या कारखान्यात बटणं लावते. तिने तान्ह्या बाळाचं पाऊल दाखवलं. म्हणे, हाताला हेच लागलं, सारखं हेच लागतं. एक रखवालदार काका आहेत. त्यांनी शिट्टी दाखवली, आणि वाजवली पण. बाईंनी कानावर हात ठेवले.

मग एक जण, आवाजावरून माझ्याच वयाचा. त्याचा कॅमेरा चालेना. नुसती करकर, करकर. म्हणाला, “दिसत नसली तरी ऐकू येतेय ना वस्तू? हा माझा पंखा. मी काचेच्या भट्टीवर असतो. दिवसभर भाजून निघायचं आणि मग याच्याखाली बसायचं. पंखा ऐकू आला की समजायचं, मी हजर.”

तो पंखा झाला.

शेवटी बाईंनी एकच प्रश्न लिहायला दिला. तुम्ही वर्गात दिसला नाहीत, तर आम्ही कुणाला विचारायचं?

ताईने लिहिलं, बाळाला विचारा, ते ओरडून सांगेल. काकांनी लिहिलं, गेटवर विचारा. पंख्याने लिहिलं, अजून ठरलं नाही, कळवतो.

मी लिहिलं — कुणालाच नको.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

बाईंनी चौघाचौघांचे गट पाडले. मी, पंखा, ताई, काका. गटात परत जोड्या. माझी जोडी पंखा. जोडीदार लागोपाठ दोनदा दिसला नाही की त्याला फोन करायचा. फोन लागला नाही की बाईंना सांगायचं. शाळेत हजेरी मास्तर घ्यायचे. इथे आपणच आपली घ्यायची.

बाई म्हणाल्या, मागच्या वर्गातले लोक कडेकडेने निघून गेले. एक गेला, दोन गेले, आणि मला महिनाभर पत्ताच नाही. काळी चौकट म्हणजे कॅमेरा बंद की माणूसच नाही, हे मला कसं कळणार?

हजेरी कमी पडली तर कोर्समधून नाव कमी. आणि दर शनिवारी घरच्या नंबरवर मेसेज जातो — या आठवड्यात तुमचा माणूस वर्गात हजर होता. म्हणजे दादाच्या हातात आणखी एक दांडका.

पंख्याने आपलं उत्तर बदललं. आता तिथे लिहिलंय — माझ्या गटाला विचारा.

मी माझं तसंच ठेवलं.

रविवार, १७ फेब्रुवारी

पंख्याचा फोन. पट्टा आणि कप्पीची आकृती मला कळत नव्हती, ती त्याने फोनवर समजावली. म्हणाला, सायकलची चेन आठव. आठवली. कळलं! हे बाईंनी का नाही सांगितलं? तो दहावीपर्यंत शिकलाय, पण दाखवत नाही.

एवढं सगळं कळायला लागलं तर उगाच कोर्सची गोडी लागायची.

त्याची आई घरी एकटीच. शनिवारचा मेसेज आला की शेजारच्या मुलीकडून वाचून घेते. दोनदा. एकदा कळायला आणि एकदा ऐकायला, असं पंखा म्हणतो.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

या आठवड्यात सगळ्यांचीच पंचाईत. ताईचं बाळ आजारी. काकांना दुसऱ्याचीही ड्यूटी करावी लागली. माझी शिफ्ट फिरली. तिघांच्याही नावापुढे लाल. बाईंचा नियम चांगला आहे, पण बाईंना शिफ्ट नाही.

पंख्याने तोडगा काढला. चौघांनी आपापले पासवर्ड एकमेकांना द्यायचे. जो मोकळा असेल त्याने बाकीच्यांचं खातं उघडून सुरुवातीला ‘हजर’ टाकायचं आणि शेवटी ‘आज काय शिकलो’मध्ये एक ओळ लिहायची. काका जरा कुरकुरले. म्हणाले, आयुष्यभर रखवाली केली, आता खोटी हजेरी? ताई म्हणाली, काका, खोटी कुठे? आपण आहोतच की, फक्त त्या वेळेला नाही.

त्यावर काकाही हसले. चौघांत मिळून एक हजेरी!

इथे आल्यापासून पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आपलं आहे. लिहायला लाज वाटते, पण वही काय सांगायला जाणार आहे कुणाला.

शुक्रवार, १ मार्च

आज मी चौघांचंही ‘हजर’ टाकलं. खोलीतल्या सोबत्याचा मोबाइल मागून घेतला, दोन्ही मोबाइल पुढ्यात. ताईसाठी शेवटची ओळ तिच्यासारखी लिहिली, काकांसाठी काकांसारखी. मला जमतं हे. शाळेत निबंध जमला नाही कधी!

सोमवार, ४ मार्च

पंख्याला डब्याचं सांगितलं. नको होतं सांगायला.

मी म्हटलं, अर्ध्याच्या वर भरलाय, दोन-तीन महिन्यांत मी इथून सुटलो. वाटलं, खूश होईल. तर म्हणतो, “आणि कोर्स? पळपुट्या आहेस तू. आठवीत पळालास, आता परत पळतोयस.”

मी म्हटलं, माझ्या दादाने तुला पगार लावलाय का?

तो काहीतरी बोलत होता. मी फोन कापला. त्याचा परत आला, तोही कापला. आता तोच करेल फोन, मी नाही करणार. माझा दादा एक आहे, दुसरा नकोय.

मंगळवार, ५ मार्च

पंखा वर्गात नव्हता. फुगून बसला असेल. फुगू दे.

‘हजर’ मात्र टाकलं त्याचं. अबोला वेगळा आणि ठरलेलं वेगळं.

शुक्रवार, ८ मार्च

आजही नाही. टाकलं.

ताईने गटावर विचारलं, पंखाभाऊ दिसत नाहीत? मी लिहिलं, शिफ्ट बदलली असेल. काकांनी हात वर केल्याचं चित्र पाठवलं. कशाबद्दल ते काकाच जाणे.

मंगळवार, १२ मार्च

आज थोडक्यात वाचलो. बाई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, दोन-तीन वर्गांपासून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. मग एकदम — अरे हो, पंख्याची करकर नाही! पंखा, कुठे गेला तुझा पंखा?

मी सोबत्याच्या मोबाइलवर त्याच्या खात्यात होतो. लिहिलं — पंखा बिघडलाय, बाई. दुरुस्तीला दिलाय.

सगळे हसले. कुणीतरी लिहिलं, मशीन दुरुस्ती शिकतोस आणि पंखा दुसऱ्याला देतोस? मी पंख्याच्या नावाने हसण्याचं चित्र टाकलं. बाईपण हसल्या. मग म्हणाल्या, भट्टीवरून येऊन पंख्याशिवाय बसतोस, जीव सांभाळ रे.

मी लिहिलं, हो बाई.

त्याला हे सांगितलं तर पोट धरून हसेल. पण सांगणार कसं, अबोला आहे ना.

रविवार, १७ मार्च

शेवटी मीच केला फोन. बंद. संध्याकाळी केला, बंद. नंबर बदलला असेल. आणि मला कळवला नाही! माज बघा.

ताईचा फोन येऊन गेला. पंखाभाऊशी बोलणं होतं का, विचारत होती. मी म्हटलं, वर्गात तर असतो की. ती म्हणाली, हो, मीपण बघते रोज, हजर असतात, म्हणून तर निवांत आहे.

तिला वाटलं, तोच असतो. मी सांगणार होतो की मी टाकतो. मागून बाळ रडायला लागलं, तिने फोन ठेवला.

मंगळवार, १९ मार्च

हजर टाकलं. फोन बंद. ‘आज काय शिकलो’मध्ये त्याच्यासाठी लिहिलं — मशीन आवाज करायचं थांबलं म्हणजे ते ठीक झालं असं नाही. हे आज बाईच म्हणाल्या होत्या, मी उतरवून घेतलं.

रात्री पुन्हा फोन लावला. का कोण जाणे.

शुक्रवार, २२ मार्च

वर्ग सुरू झाला. मी माझं टाकलं, पंख्याचं टाकलं.

बाई म्हणाल्या, “पंखा, तुझ्या आईचा मला फोन आला होता. शनिवारच्या मेसेजवरून माझा नंबर काढला त्यांनी. म्हणतात, तुमच्याकडे दरवेळी हजर असतो, मग माझ्याशीच का बोलत नाही? रागावलाय का, तेवढं विचारा. काय सांगू मी त्यांना?”

त्याच्या खात्यात मी लिहिलं — कामात होतो. पुसलं. लिहिलं — आज करतो फोन. हे पाठवायला अंगठा नेला आणि माझ्या हातून होईना. ती फोनपाशी बसून राहिली असती.

मी माझ्या मोबाइलचा आवाज चालू केला. म्हटलं, बाई, तो मी आहे.

बाईंना कळलंच नाही. म्हणाल्या, साबण्या, तू नंतर बोल.

मी म्हटलं, नाही बाई, पंख्याच्या नावाने मीच आहे. तो नाहीये. पाच तारखेपासून नाहीये.

कुणी हसलं नाही. बाईंनी हळूच विचारलं, “पंखा बिघडलाय, हेही तूच?”

हो.

“मी विचारलं होतं रे,” एवढंच म्हणाल्या. वर्ग बंद केला.

शनिवार, २३ मार्च

बाईंनी सकाळी त्याच्या आईला कळवलं. भट्टीच्या कंपनीत फोन केला, तर तिथून उत्तर — ठेकेदाराचा माणूस, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणे, न सांगता काम सोडून गेला. खोटं. पंखा मला पळपुट्या म्हणणारा माणूस, तो काम सोडून जाईल?

दुपारी डबे सुटले तेव्हा अनोळखी नंबर. त्याची आई. बाईंकडून माझा नंबर मागून घेतला. आवाज बारीक, पण स्पष्ट. माझी चौकशी केली आधी. जेवलास का, विचारलं. मग म्हणाली, “तो नव्हता म्हणतात बाई. मग इतके दिवस हजर कोण होतं?”

मी म्हटलं, मी होतो, मावशी.

“दोन शनिवार मेसेज आला. मी दोन्ही रात्री सुखाने झोपले बघ.”

शिव्या दिल्या असत्या, तर मला बोलायला काही मिळालं असतं. तिने फक्त विचारलं, तुझी आई आहे ना? आहे म्हटलं. बरं, म्हणाली, आणि ठेवला.

नंतर रोलरपाशी घडी घालताना माझं टोक सुटलं. गरम चादर सगळी जमिनीवर. समोरचा तोतरा बराच वेळ झटत होता बोलायला. शेवटी म्हणाला, “क-काय झालं?” सहा-सात महिन्यांतला त्याचा पहिला प्रश्न.

मी त्याला सांगितलं. सगळं. तो ऐकत राहिला. मग खाली वाकून त्याने दोन्ही टोकं उचलली आणि एक माझ्या हातात दिलं.

रविवार, २४ मार्च

काकांनी लावला छडा. भट्टीच्या गेटवरच्या रखवालदारापर्यंत पोचले, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, रखवालदारच रखवालदार. साहेबांना कोण काय सांगत नाही, पण एक गेट दुसऱ्या गेटला सांगतं. पाच तारखेला सकाळी टेम्पोतून एकाला नेलं. भाजला होता. सरकारी दवाखान्यात.

पाच तारखेला सकाळी. मी फोन कापला त्याच्या दुसऱ्या दिवशी.

ताई रडली फोनवर. म्हणाली, मला वाटलं तुम्ही बोलता त्यांच्याशी. काका म्हणाले, मला वाटलं ताई बोलते. सगळ्यांना वाटलं. नावापुढे हिरवं दिसत होतं ना!

मुकादमाकडे रजा मागितली. म्हणाला, जा, पण परत आलास तर जागा असेल असं धरून चालू नकोस. डब्यातून बसचे काढले आणि निघालो.

मंगळवार, २६ मार्च

वॉर्ड लांबलचक. दोन्ही बाजूंना खाटा, काही जण जमिनीवर. ठेकेदाराने भलतंच नाव लिहून दिलं होतं, म्हणून आधी नाहीच म्हणाले. मग सिस्टर म्हणाली, भट्टीवाला? तो वर्गवाला?

मी म्हटलं, वर्गवाला म्हणजे?

आल्यापासून तेच सांगत होता म्हणे. माझा वर्ग आहे. मी दोनदा दिसलो नाही की विचारतात. नियमच आहे तसा. रोज तिला विचारायचा, कुणी आलं होतं का. खिशातला मोबाइल जळाला. नंबर तोंडपाठ कुणाला असतात हल्ली! आईचा नंबर अर्धा आठवत होता. भाजण्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं, तर सही करायला आपला माणूस लागतो, भरायला पैसे लागतात. ठेकेदार परत फिरकलाच नाही. पायातलं विष वर चढत गेलं. “पहिल्या आठवड्यात कुणी आलं असतं ना—” एवढं बोलली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

मी त्याला पहिल्यांदाच बघितलं. आवाज ओळखीचा आणि तोंड परक्याचं. मला वाटलं होतं, आडदांड असेल. बारका आहे. चादर एका बाजूला सपाट. डावा पाय गुडघ्याखाली नाही. माझं काम चादरींचंच, मला लगेच दिसलं.

मी म्हटलं, मी साबण्या.

तो बघत राहिला. मग हसला. “आलास? मी सांगत होतो यांना. उशीर केलास, लेका. वर्गात काय गोंधळ झाला असेल ना मी नाही म्हणून?”

इथे खोटं बोलता आलं असतं. तेही मला जमतं.

म्हटलं, गोंधळ नाही झाला. मी तुझं ‘हजर’ टाकत होतो.

डोक्यावर वॉर्डचा पंखा फिरत होता. नवा आहे, आवाज करत नाही. तो त्याच्याकडे बघत होता.

“बाईंनी पंख्याचं विचारलं नाही?”

“विचारलं.”

“मग?”

“बिघडलाय म्हणून सांगितलं.”

त्याने तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळपर्यंत केलेलंच होतं. मी खाटेशेजारी बसून राहिलो. सिस्टर पाणी देऊन गेली, त्याने घेतलं नाही. मी दिलं, तेही नाही.

बुधवार, २७ मार्च

रात्र व्हरांड्यात काढली. सकाळी चहा आणला. घेतला त्याने. माझ्याकडे न बघता.

मग म्हणाला, “आईला पायाचं सांगितलंस?”

नाही. सापडलास एवढंच.

“फोन दे. मी सांगतो.” मी नंबर लावून दिला. म्हणाला, “बाहेर जा. आणि यापुढे माझी हजेरी तू नाही लावायचीस. मी आहे का नाही, ते मी सांगेन.”

मी बाहेर गेलो. दार लोटलेलं, तरी ऐकू येत होतं. तो बराच वेळ नुसता, हो, हो, म्हणत होता. मग म्हणाला, नाही गं, रागावलो नव्हतो.

मोबाइल परत देताना म्हणाला, तिला यायचंय मला न्यायला. यायचं कशाने? भट्टीचा महिन्याचा पगारही अडकलाय, आता तो कसला मिळतो.

निघताना मी, येतो, म्हटलं. मी दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला.

“साबण्या. वर्गातल्या आकृत्यांची तुझी वही आहे का जपून? ती पूर्ण कर.”

शुक्रवार, २९ मार्च

जागा राहिली. तोतऱ्याने तीन-चार दिवस माझं टोकही सांभाळलं. एका टोकाला दोरी बांधून एकट्याने घड्या घातल्या म्हणे. मुकादमाने बघून न बघितल्यासारखं केलं.

वर्ग होता. आमच्या चौघांची मार्चची हजेरी पुसली. पूर्ण महिना पुन्हा बसायचा. कुणी तक्रार केली नाही. बाईंनी टाइप करून हजेरी बंद केली. आता एकेकाने बोलायचं. काहीही, पण आवाजात. आधी बाई स्वतः बोलल्या. म्हणाल्या, मी तो प्रश्न विचारला, तुम्ही उत्तरं लिहिलीत, आणि मला वाटलं, आपले सगळे जोडले गेले. त्या दिवशी त्याला फोन करायला मला कुणी अडवलं होतं? मी हसले आणि पुढे शिकवत गेले.

चाळीसेक चौकटी. आज काळी एकही नव्हती.

पहिल्या दिवसाचा प्रश्न बाईंनी पुन्हा उघडून दिला. ज्यांना उत्तर बदलायचं त्यांनी बदला. तुम्ही दिसला नाहीत, तर आम्ही कुणाला विचारायचं?

माझं तसंच होतं — कुणालाच नको. पुसलं. लिहिलं — पंख्याला विचारा.

त्याला विचारून नाही लिहिलं. तो नाही म्हणाला तर पुन्हा पुसेन.

रविवार, ३१ मार्च

दादाला फोन केला. म्हटलं, कोर्स पूर्ण करतो. घरी यायचं नाव दोन वर्षं काढत नाही. तो जिंकला. वहिनीकडे फोन दिला नाही. म्हणाला, बरा आहेस ना रे?

पलंगाखालचा डबा आज पालथा केला. पंख्याच्या आईचं यायचं तिकीट, परतीची दोघांची, एक कुबडी, आणि उरतील ते वाटखर्चाला आणि औषधपाण्याला. पाठवणाऱ्याच्या जागी माझं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

पाठवले — एकोणतीस हजार सहाशे.